‘दोराले टांगेल गडी हालत काऊन नाही?’ : रिंगच्या सव्वाशे वर्षांबद्दल

सर, पॅरिस ऑलिंपिकमधली रिंगची, म्हणजे दोन टांगत्या कड्यांवरच्या जिम्नॅस्टिक्सची, फायनल तुमच्या शाळेतल्या पोरांनी मोबाइलवर पाहिली आणि सातवीतल्या एकानं विचारलं, “सर, हा गडी दोराले टांगेल हाये, तरी हालत काऊन नाही?” त्यावरून तुम्ही मला तीन गोष्टी विचारल्यात. रिंग पूर्वी झोक्याची होती हे खरं का, ती स्थिर कशी झाली, आणि आपल्या मल्लखांबाच्या पोरांना ती जमेल का. मी अमरावतीला शिकलो, मग तीस वर्षं दारव्ह्याकडच्या एका खेड्यात पीटीचा तास घेतला. स्वतः राज्य पातळीच्या पुढे कधी गेलो नाही, पण रिंगचं वेड होतं आणि अजून आहे. उत्तर लांबणार, सवडीनं वाचा.

आधी त्या पोराचा प्रश्न घेतो, कारण त्यानं नेमकं दुखणं धरलं आहे. जिम्नॅस्टिक्समधली बाकी सगळी साधनं जमिनीला घट्ट बसवलेली असतात. सिंगलबार असो, डबलबार असो, मुठी लावलेला घोडा म्हणजे पॉमेल हॉर्स असो, ती वाकतील, थरथरतील, पण जागा सोडणार नाहीत. रिंग तेवढी मोकळी. ५.८० मीटर उंचीवरच्या चौकटीतून दोन तारा खाली येतात, टोकाला पट्टे आणि पट्ट्यांना दोन कडी. कडीचा आतला व्यास १८ सेंटिमीटर, जाडी २८ मिलिमीटर, दोघींमधलं अंतर ५० सेंटिमीटर, आणि जमिनीपासूनची उंची २.८० मीटर. म्हणजे वर तीन मीटरचा लंबक झाला. त्याला एकदा झोका लागला की एक फेरी पूर्ण व्हायला साधारण साडेतीन सेकंद लागतात, आणि तो झोका आपोआप लवकर मरत नाही. तुम्ही विहिरीवर बादली शेंदली असेल. दोर जरा तिरपा ओढला की बादली काठावर आपटत वर येते. तोच दोर नेमका मधोमध धरून शेंदला तर ती सरळ येते. रिंगवरचा गडी अख्खा वेळ हेच करत असतो. अंगाचं वजन टांगणीच्या बरोबर खाली ठेवायचं, आणि पाय पुढे गेले की खांद्यातून कडी तेवढीच उलट्या बाजूला ढकलायची. त्या पोराला सांगा, तो हालत नाही असं नाही. तो सारखा हालतोय, पण असा की दोराला ते कळू नये.

आता ताकदीचं. दोन्ही हात आडवे पसरून क्रुसासारखं थांबायचं, त्याला क्रॉस म्हणतात. ६० किलोचा गडी धरा. प्रत्येक कडीवर ३० किलो आले. युरियाची गोणी ४५ किलोची असते, तिचा दोन तृतीयांश भाग. तेवढं ओझं खांद्यापासून दोन-सव्वादोन फुटांवर, कोपर न वाकवता, दोन्ही बाजूंना तोलून धरायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. माझ्या पोरांना मी एवढं सांगून एकदा रिकाम्या गोणीत माती भरून दिली होती. त्यानंतर क्रॉसची चेष्टा कोणी केली नाही.

इतिहासाकडे येतो. आपल्याकडे जुने लोक हिला ‘रोमन रिंग’ म्हणतात, त्यामुळे पोरांना वाटतं की रोमच्या आखाड्यातून आली असेल. तसं काही नाही. आज आपण जे साधन बघतो ते १९ व्या शतकातल्या जर्मन व्यायाम चळवळीचं पोर आहे. १८११ मध्ये फ्रीडरिख यानने बर्लिनच्या हासेनहाइडे भागात उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं, तिथं बार आणि दोर होते. पुढे १८४२ च्या सुमारास अडोल्फ श्पीस या शिक्षकाने शाळेच्या व्यायामात रिंग आणली असं मानलं जातं. म्हणजे सर, हे साधन मुळात आपल्याच जातीच्या माणसाने आणलं, पीटी मास्तरने. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. ही मैदानं नुसती व्यायामाची नव्हती. नेपोलियनकडून हरलेल्या देशाला ताठ उभं करायचं होतं. प्रागमध्ये १८६२ साली मिरोस्लाव टिर्श यांनी ‘सोकोल’ म्हणजे ससाणा नावाची व्यायाम संस्था काढली, तिचंही तेच. परक्या राज्यात राहायचं तर आधी अंग आणि शिस्त कमवायची. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या ऑलिंपिकपासून, म्हणजे १८९६ च्या अथेन्सपासून, रिंग आहे. स्पर्धा स्टेडियममध्ये उघड्या आकाशाखाली झाली. ग्रीसचा इओआनिस मित्रोपुलोस आणि जर्मनीचा हेर्मान वाइनगेर्टनर या दोघांत पंचांची मतं अडली, तेव्हा ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी कौल दिला आणि सुवर्ण मित्रोपुलोसला गेलं. पाहुणा दुसरा आला. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत घरच्या शाळेच्या बाजूने असा निकाल लागला असता तर तिथंच हमरीतुमरी झाली असती! पण विनोद बाजूला ठेवा. त्या वेळी गुण कशाचे द्यायचे हेच लिहिलेलं नव्हतं. कोणी ताकद बघे, कोणी डौल. १९०४ मध्ये सेंट लुईसला हेर्मान ग्लास जिंकला. तिथं आलेले बहुतेक खेळाडू अमेरिकेतल्या जर्मन व्यायामशाळांचेच होते. १९०८, १९१२ आणि १९२० मध्ये साधनांच्या वैयक्तिक स्पर्धाच झाल्या नाहीत. १९२४ ला पॅरिसमध्ये रिंग परत आली आणि इटलीच्या फ्रांचेस्को मार्तिनोने जिंकली.

झोक्याचा तुमचा प्रश्न इथं येतो. त्या काळात रिंगची दोन भावंडं एकाच घरात नांदत होती. एक झोक्याची, जिच्यावर सर्कससारखे मोठे हेलकावे घ्यायचे आणि हेलकाव्याच्या टोकाला कसरत करायची. दुसरी स्थिर, जिच्यावर दोर हलला की चूक. ऑलिंपिकच्या पुरुष स्पर्धेत स्थिर रिंग रुजली. झोक्याची रिंग अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धांत १९६० च्या आसपासपर्यंत तग धरून होती. आणि पोरींना हे आवर्जून सांगा : १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सांघिक स्पर्धेत झोक्याची रिंग होती. पुढे ती महिलांच्या ऑलिंपिकमध्ये दिसली नाही. ‘रिंग पुरुषांची’ हे आज जे गृहीत धरलं जातं, ते देवानं लिहून ठेवलेलं नाही. म्हणून तुमच्याकडची एखादी पोरगी रिंगला लटकली तर हुसकावू नका.

त्या काळातला माझा आवडता माणूस म्हणजे युगोस्लाव्हियाचा लिऑन श्टुकेल्य, सोकोलच्या आखाड्यातला. पेशानं न्यायाधीश. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये रिंगचं सुवर्ण जिंकला, आणि १९३६ ला बर्लिनमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, चेकोस्लोव्हाकियाच्या अलोइस हुदेत्सच्या मागे रौप्य. बर्लिनची ती स्पर्धा उघड्या रंगमंचावर झाली. आणि त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाची मुलं बर्लिनमध्ये होती, कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ दाखवायला. मी अमरावतीला शिकत असताना जुने गुरुजी बर्लिनचं नाव काढत, पण माझ्या डोक्यात तेव्हा ही दोन टोकं जुळली नव्हती. एकाच शहरात, त्याच दिवसांत, एकीकडे हुदेत्स आणि श्टुकेल्य रिंगवर, दुसरीकडे वऱ्हाडातली पोरं मल्लखांबावर. त्यांनी एकमेकांना पाहिलं असेल का, या विचारानं मी अजूनही कधी कधी जागा राहतो. श्टुकेल्य १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ९७ व्या वर्षी मैदानात आला होता, टुणटुणीत. १०१ वा वाढदिवस चार दिवसांवर असताना, १९९९ मध्ये गेला.

आपल्याकडून तिकडे आणखी एक गोष्ट गेली होती. आपण जी मुदगलांची जोडी फिरवतो, ती इंग्रज लष्कराने इथं पाहिली, उचलली, आणि ‘इंडियन क्लब’ नावानं पार अमेरिकेपर्यंत पोचली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धा झाली. १९३२ चं सुवर्ण जॉर्ज रॉथ या बेकार असलेल्या अमेरिकन गड्याने घेतलं. म्हणजे जोडीला ऑलिंपिक पदक मिळालं, पण जोडी ज्या मातीतून गेली तिथल्या कोणाला नाही. असो, रिंगवर येतो.

१९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पहिली गुणांकन नियमावली काढली. रिंगच्या इतिहासात एखाद्या खेळाडूपेक्षा या पुस्तकानं जास्त घडवलं असं माझं मत आहे. काय मोजायचं ते लिहिलं गेलं की गडी तेच करायला लागतात. शाळेत गुणपत्रिका बदलली की पोरांचा अभ्यास बदलतो, तसंच. १९५२ ला हेलसिंकीत सोव्हिएत संघ पहिल्यांदा आला आणि युद्धात पायाला जखम झालेला ग्रांत शाहिन्यान रिंग जिंकून गेला. रिंगला पाय कमी लागतात, उतरताना मात्र लागतात.

मग आला आल्बर्ट अझार्यान. शाहिन्यानसारखाच आर्मेनियन. १९५६ ला मेलबर्न आणि १९६० ला रोम, दोन्हीकडे रिंगचं सुवर्ण. लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिला. त्याच्या आधीही क्रॉस करणारे होते, पण याच्याकडे एक वेगळी चीज होती. सरळ हात, सरळ अंग, सावकाश मागे फिरत वरून क्रॉसमध्ये येऊन थांबायचं. नियमावलीत आजही ती हालचाल ‘अझार्यान’ याच नावानं आहे. बापाच्या मृत्यूनंतर लहान वयात त्यानं लोहारकाम केलं होतं. खांदे तिथंच कमावले असं लोक म्हणतात. माझ्या मते घणापेक्षा धीर जास्त कमावला असावा, कारण ती हालचाल घाईत होतच नाही.

लोहारावरून माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या शाळेत काहीच नव्हतं. मी गावातल्या लोहाराकडून लोखंडी सळईच्या दोन कडी वाकवून घेतल्या. तो म्हणाला, “मास्तर, बैलाले बांधाच्या काय?” शाळेमागच्या कडुनिंबाला अंबाडीच्या दोरानं त्या बांधल्या. उन्हाळाभर पोरं लटकली, मस्त चाललं. पावसाळ्यात दोर भिजला, वाळला, परत भिजला, आतून कुजला. वरून काही दिसत नव्हतं. श्रावणात एक पोरगा उलटा लटकलेला असताना डावीकडचा दोर तुटला. मनगट मोडलं. त्याची माय दवाखान्यात मला एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून नियम केला : झाडाला कधी नाही, अंबाडी कधी नाही, लोखंडी कडी कधी नाही. लोखंड घामानं सटकतं आणि हिवाळ्यात हात बधिर करतं. ऑलिंपिकमध्ये रिंग लाकडाची पातळ पट्ट्या चिकटवून केलेली का असते ते हातात धरल्यावर कळतं. लाकूड घाम पितं.

अझार्याननंतर जपान्यांनी खेळ फिरवला. १९६० ते १९७६ अशी सलग पाच सांघिक सुवर्णपदकं त्यांची. रिंगवर १९६४ ला टोकियोत ताकुजी हायाता, मग १९६८ आणि १९७२ ला अकिनोरी नाकायामा. अंगानं बारीक लोक. नुसत्या ताकदीवर सोव्हिएत खांद्यांना हरवणं अवघड होतं, म्हणून त्यांनी झोका परत आणला. पण हा झोका दोराचा नव्हता, अंगाचा होता. अंग खालून जोरात फिरतं, वर हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं, येऊन थांबतं आणि दोर जिथल्या तिथं. जुन्या झोक्याच्या रिंगमध्ये दोर फिरायचा आणि माणूस त्याच्याबरोबर जायचा. इथं माणूस फिरतो आणि दोराला त्याची खबर लागू देत नाही. तुमच्या प्रश्नातली ‘स्थिर’ ही गोष्ट माझ्या हिशेबानं खरी इथं पूर्ण झाली. नियमही तसेच झाले. एका प्रदर्शनात दोन हँडस्टँड हवे, एक ताकदीनं चढून आणि एक झोक्यानं. ताकद आणि झोका यांची अशी सक्तीची सोयरीक बरीच वर्षं टिकली.

हाताला बांधायच्या चामडी पट्टीत बोटांखाली एक बारीक लाकडी दांडी आली, त्याचाही मोठा हात आहे. ती दांडी कडीला अडकते, त्यामुळे पकड सुटायची भीती कमी झाली आणि मोठे फेरे, शेवटच्या दुहेरी कोलांट्या शक्य झाल्या. असल्या साध्या वस्तूंवर कोणी लेख लिहीत नाही. शिवाय वरच्या चौकटीत धक्का झेलणारी सोय आली. पूर्वी हँडस्टँडवरून खाली पडता झोका घेतला की खांदा उखडल्यासारखा हिसका बसायचा. मी कडुनिंबावर तो हिसका खाल्लेला आहे, त्यामुळे सांगतो.

१९७६ च्या मॉन्ट्रियलची गोष्ट पोरांना सांगायची की नाही यावर मी नेहमी अडतो. जपानच्या शुन फुजिमोतोचा गुडघा फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत, मोडला. त्यानं कोणाला कळू दिलं नाही. पॉमेलवर ९.५ घेतले, मग रिंगवर चढला, ९.७ घेतले, आणि शेवटी दुहेरी कोलांटी मारून त्याच मोडक्या पायावर उतरला. जपानने सोव्हिएत संघाला ०.४० गुणांनी हरवलं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मी मास्तर आहे. तो पोरगा माझा असता तर मी त्याला खाली ओढला असता आणि सुवर्ण जाऊ दिलं असतं. त्या वर्षीचं रिंगचं वैयक्तिक सुवर्ण सोव्हिएत संघाच्या निकोलाय आंद्रियानोव्हला मिळालं, आणि १९८० ला मॉस्कोत अलेक्सांद्र दित्यातिनला, ज्यानं त्या एका ऑलिंपिकमध्ये आठ पदकं घेतली.

पुढची दोन ऑलिंपिक पाहा. १९८४ ला चीनचा ली निंग आणि जपानचा कोजी गुशिकेन बरोबरीत, दोघांना सुवर्ण. १९८८ ला सोलमध्ये पूर्व जर्मनीचा होल्गर बेहरेंट आणि सोव्हिएत संघाचा द्मित्री बिलोझेर्चेव्ह परत बरोबरीत. हे योगायोगानं झालं नाही. दहापैकी दहाची पट्टी छोटी पडली होती. सगळे ९.९ च्या पुढे जाऊन एकमेकांच्या पायावर पाय देत होते. १९९२ ला विटाली शेर्बो जिंकला, त्याच्या त्या वेळच्या सहा सुवर्णांपैकी एक.

इटलीचा युरी केकी हा माझ्या तरुणपणाचा हिरो. अंतराळवीर युरी गागारिनवरून नाव ठेवलेला. १९९२ च्या बार्सिलोनाच्या थोडं आधी टाचेची शीर तुटली आणि ऑलिंपिक गेलं. मग १९९३ ते १९९७ सलग पाच वेळा रिंगचा जगज्जेता, आणि मध्ये १९९६ ला अटलांटाचं सुवर्ण. २००० च्या आधी दंडाची शीर तुटली, लोकांना वाटलं संपला. २००४ ला अथेन्समध्ये ३४ व्या वर्षी परत आला आणि कांस्य घेऊन गेला. त्या अंतिम फेरीत सुवर्ण ग्रीसच्या दिमोस्थेनिस ताम्पाकोसला आणि रौप्य बल्गेरियाच्या योर्दान योवचेव्हला मिळालं, आणि खूप वाद झाला. अथेन्स, ग्रीक गडी सुवर्णावर, पाहुणा दुसरा : १८९६ आठवतं ना? हाच योवचेव्ह १९९२ पासून २०१२ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला, शेवटचं ३९ व्या वर्षी. रिंग हे म्हाताऱ्यांना मानवणारं साधन आहे. फ्लोअरवर गुडघे संपतात, इथं शिरा हळूहळू पिकतात.

अथेन्स २००४ मध्ये इतर साधनांवरही गुणांचे घोळ झाले आणि २००६ पासून महासंघाने दहाची कमाल मर्यादा मोडली. आता दोन गुण वेगळे : अवघडपणाचे आणि सफाईचे. अवघडपणाला वरची हद्द नाही. परिणाम काय झाला? माल्टीज नावाची ताकदीची स्थिती, म्हणजे अंग जमिनीला समांतर, हात बाजूला तिरपे, कडीच्या पातळीवर तरंगणं, ती आणि तिची भावंडं महाग ठरली. सगळे एका मागून एक तेच करायला लागले. आज रिंगवर सगळे एकसारखे दिसतात, त्याचं मूळ हे. मग नियम आणावा लागला की लागोपाठ तीनपेक्षा जास्त ताकदीच्या स्थिती चालणार नाहीत, मध्ये झोक्याची मोठी हालचाल घ्या. म्हणजे ताकद फार माजली की झोक्याला बोलवायचं, हे साठ वर्षांपूर्वी होतं ते पुन्हा.

पंच कसं बघतात तेही पोरांना शिकवा, मग सामना बघायला मजा येते. प्रत्येक स्थिती किमान दोन सेकंद थांबली पाहिजे. हात नेमक्या आडव्या रेषेपासून १५ अंशांपर्यंत ढळले तर ०.१ कापतात, ३० पर्यंत ०.३, ४५ पर्यंत ०.५, त्यापुढे ती स्थिती केलीच नाही असं धरतात. दोर हलला की कापतात, हाताचा दोराला आधार घेतला की कापतात. मी पोरांना कागदाचा कोनमापक देऊन फोटोवर पंचगिरी करायला लावत असे. गणिताचे मास्तरही खूश.

नंतरची नावं झरझर सांगतो. २००८ ला बीजिंगमध्ये चेन यिबिंग. २०१२ ला लंडनमध्ये चेन सगळ्यांत आधी चढला, १५.८०० घेऊन बसला. शेवटी आला ब्राझीलचा आर्थर झानेत्ती आणि १५.९०० नं सुवर्ण घेऊन गेला. लॅटिन अमेरिकेचं जिम्नॅस्टिक्समधलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. २०१६ ला ग्रीसचा एलेफ्थेरिओस पेत्रुनियास, १६.०००. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी चीनचा ल्यू यांग, १५.५०० आणि १५.३००. अझार्यान आणि नाकायामा यांच्यानंतर रिंगची दोन सुवर्णं घेणारा तो तिसरा. तुमच्या पोरांनी पाहिला तो हाच.

आणि आता मल्लखांबाची पोरं. होय आणि नाही, दोन्ही.

पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी कुस्तीसाठी घडवलेल्या या विद्येनं पोराला जे देता येतं ते रिंगसाठी सोनं आहे. हाताची पकड, उलटं लटकताना डोकं शांत ठेवणं, पडायची भीती नसणं. त्यातही टांगता मल्लखांब केलेला पोरगा पहिल्याच दिवशी वेगळा ओळखू येतो. लाकूड हातातून पळतंय आणि आपण त्याच्याबरोबर पळायचं नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. माझ्याकडे असा एक होता. कापूस वेचणाऱ्या घरातला, किडमिडीत. पहिल्यांदा रिंगला लटकला आणि दोर पाच-सात सेकंदांत शांत. वर्गातले पैलवान तिथं घड्याळाच्या लंबकासारखे डोलत होते.

अडचण पुढे आहे. मल्लखांबात सगळं अंग लाकडाला बिलगतं. अढी, तिढी, दसरंग, सगळीकडे मांड्या आणि पोट आधार देतात. रिंगवर पायांना धरायला काही नाही. सगळा भार सरळ हातांवर, खांद्यांवर. ती ताकद मल्लखांबातून फार थोडी येते. दंड आणि जोर मारणारं पोर त्या बाबतीत पुढे असतं. शिवाय कोपर वाकवायची सवय मोडावी लागते. आणि क्रॉसकडे घाईनं जायचंच नाही. स्नायू सहा महिन्यांत तयार होतो, शीर आणि सांधा मागे राहतात, मग केकीसारख्याचाही दंड फाटतो. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला मी क्रॉस शिकवत नाही. हाताला रबरी पट्टा बांधून वजन हलकं करून करवून घेणारे आहेत, त्यांनाही मी घाई करू नका असंच सांगतो.

म्हणून पहिलं वर्ष नुसतं असं काढा. पहिले दोन महिने फक्त लटकणं आणि दोर शांत करणं. मग कडीवर सरळ हातांनी आधार घेऊन उभं राहणं, दहा-दहा सेकंद, हात थरथरणार, थरथरू द्या. मग त्याच स्थितीत पाय पुढे समोर उचलून धरणं. मग खांद्यांच्या आधारानं उलटं उभं राहणं, तेही मास्तरनं कमरेला धरून. खाली गादी हवीच. गादी नसेल तर पोत्यात गव्हाचा भुसा भरून शिवून घ्या, मी तेच केलं होतं. उंची पोराच्या छातीएवढी ठेवा, २.८० मीटरचा हट्ट स्पर्धेसाठी राहू द्या.

टांगायला व्हरांड्याच्या पत्र्याखालचा अँगल वापरू नका, तो वाकतो. सिमेंटच्या तुळईला पक्का हूक मारून घ्या आणि दोघा मोठ्या माणसांनी आधी लटकून बघा. दोर नायलॉनचा पट्टा असू द्या, ट्रकवर माल बांधायचा मिळतो तो चालतो. दर पंधरा दिवसांनी हूकच्या ठिकाणी उलटवून बघायचा, आणि पोळ्याच्या आधी, पावसानं ओला राहिला असेल तर, न बघता बदलायचा.

लाकडी रिंगांची एक जोडी माझ्याकडे माळ्यावर पडून आहे. जुनी आहे, पण चिरलेली नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या प्रश्न विचारणाऱ्या पोराला घेऊन या, त्याच्या हातात देतो.